विश्लेषण : बटाट्यातला रेणू, पेशीचा मृत्यू आणि गडचिरोलीतील सिकलसेल, कमला सोहोनी यांच्या संशोधनाचा धागा कुठवर येतो?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेल म्हणजे काय, हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. नात्यात किंवा शेजारी एखादा रुग्ण असतो. त्याचे हातपाय, कंबर अचानक असह्य दुखू लागते, डोळे पिवळे होतात, रक्त चढवायला तालुक्याला न्यावे लागते. लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, हे आश्रमशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्यापुढची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. या पेशींमध्ये आपलेच जुने भाग मोडीत काढण्याची व्यवस्थाही काही प्रमाणात फसलेली असते, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनात आढळले आहे.

पेशी आपले भाग मोडून पुन्हा कसे वापरते आणि ते जमले नाही तर ती कशी मरते, हे समजून घेताना सायटोक्रोम सी नावाचा एक छोटा रेणू वारंवार भेटतो. बटाट्याच्या पेशीही हाच रेणू वापरतात, हे केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पाहणारी संशोधक मराठी होती. तिचे नाव कमला भागवत, म्हणजेच नंतरच्या डॉ. कमला सोहोनी. त्यांच्यावरील लेखांत सर सी. व्ही. रामन यांच्याशी झालेला संघर्ष हमखास येतो. ज्या रेणूवर त्यांनी काम केले, त्याचे पुढे काय झाले हे क्वचितच येते.

कोण होत्या कमला सोहोनी?

१८ जून १९११ रोजी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बेंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, दोघांचे शिक्षण झालेले. थोरली बहीण म्हणजे ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत. दुर्गाबाई लोकसाहित्य आणि आदिवासी जीवनाच्या अभ्यासाकडे वळल्या आणि मध्य भारताच्या जंगलात हिंडल्या; धाकटीने घरातली रसायनशास्त्राची वाट धरली.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी अव्वल गुणांनी मिळवून त्यांनी बेंगळुरूला अर्ज केला. संस्थेचे संचालक रामन होते. त्यांना नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी रामन यांच्या कार्यालयासमोर ठाण मांडले आणि आपल्याला अपात्र ठरवण्याचे कारण मागितले. ज्या काळात देशभर सत्याग्रह चालू होते, त्या काळात एका बावीस वर्षांच्या मुलीने तो प्रयोगशाळेच्या दारात केला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, चाचणी म्हणून. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. शेवटच्या अटीची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकलेली होती! त्यांनी अटी मान्य केल्या. त्यांचा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

केंब्रिजमध्ये नेमके काय केले?

तेथे न्यूनहॅम कॉलेजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला आणि जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात जागा मिळाली. आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी काम केले. हिल यांचा विषय वनस्पती.

त्या वेळी केंब्रिजमध्ये सायटोक्रोम हा चर्चेचा विषय होता. डेव्हिड केइलिन यांनी १९२५ मध्ये कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये काही रंगद्रव्ये पाहिली होती. प्राणवायू मिळाला की त्यांचे वर्णपटातील पट्टे पुसट होत आणि प्राणवायू तोडला की पुन्हा उमटत. म्हणजे ही द्रव्ये श्वसनात भाग घेत होती. प्राण्यांच्या पेशींत हे चित्र स्पष्ट होत होते, पण वनस्पतींच्या उतींत ते दाखवणे कठीण होते. हरितद्रव्याचा गडद रंग बाकी सगळे झाकून टाकतो. बटाटा जमिनीखाली वाढतो, त्यात हिरवा रंग नसतो आणि पेशी भरपूर मिळतात.

बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना दिसले, की वनस्पतीच्या पेशीपेशीत सायटोक्रोम सी आहे आणि श्वसनाच्या त्याच साखळीत ते काम करते. १९३९ मध्ये हिल यांच्यासोबत त्यांचे टिपण नेचर नियतकालिकात आले. पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता आणि तो त्यांनी सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण केला. (चार वर्षांत दीडशे पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट छापून आणणाऱ्या आमच्यासारख्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी यावर फार बोलू नये.) विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो तो या प्रबंधामुळे.

सायटोक्रोम सी करते काय?

चंद्रपूरकरांना वीज केंद्राचे उदाहरण द्यायला हरकत नाही. पेशीत ऊर्जा तयार होते ती तंतुकणिकांमध्ये. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी प्राणवायूच्या हवाली होतात. या साखळीत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन वाहून नेणारा हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. माणसात तो १०४ अमिनो आम्लांचा बनलेला असतो आणि मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. मनुष्य, बटाटा, यीस्ट, सगळीकडे त्याचा मूळ आराखडा सारखाच आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्यात तर या रेणूत एका अमिनो आम्लाचाही फरक नाही.

कमलाबाईंच्या हयातीतली बहुतांश वर्षे एवढीच माहिती पाठ्यपुस्तकात होती.

मग पेशी आपले भाग कसे मोडते?

वीज केंद्राचे जुने संच कधी ना कधी बंद करावे लागतात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातील २१० मेगावॉटचे पहिले दोन संच असेच निवृत्त झाले. जुना संच चालवत ठेवला तर कोळसा जास्त लागतो आणि धूरही जास्त. तंतुकणिकांचेही तसेच. जुनी झालेली तंतुकणिका ऊर्जा कमी देते आणि घातक ऑक्सिजन रेणू जास्त सोडते.

पेशी अशा वेळी त्या जीर्ण भागाभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी तयार करते. ही पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते. लयकारिकेत पाचक विकर असतात; ते आतल्या मालाचे तुकडे करतात आणि अमिनो आम्ले, मेदाम्ले पुन्हा पेशीच्या वापरात येतात. लयकारिकांचा शोध बेल्जियमचे ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ च्या सुमारास लावला आणि या प्रक्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव त्यांनीच १९६३ मध्ये दिले. त्यामागची जनुके जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

ही मोड रोज चालू असते. उपासमार झाली की तिचा वेग वाढतो, कारण बाहेरून माल आला नाही तर घरातलाच वापरावा लागतो.

यात मृत्यू कुठून आला?

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी पेशींच्या शिस्तबद्ध मरणाला अपोप्टोसिस असे नाव दिले. जखम होऊन पेशी फुटते, तेव्हा आतला माल बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह होतो. अपोप्टोसिसमध्ये तसे होत नाही. पेशी आकसते, स्वतःचे छोटे तुकडे करते आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. मात्र हे मरण सुरू कशामुळे होते, हे अनेक वर्षे कोडे होते.

१९९६ मध्ये अमेरिकेत काम करणारे शिओडाँग वाँग आणि सहकाऱ्यांनी ते सुरू करणारा घटक वेगळा काढला. तो निघाला सायटोक्रोम सी! तंतुकणिकेत आहे तोवर तो इलेक्ट्रॉन वाहतो. तंतुकणिकेचा बाहेरचा पडदा सच्छिद्र झाला आणि तो पेशीद्रवात आला, की तेथील एका प्रथिनाला चिकटतो. अशा सात जोड्या मिळून चाकासारखी रचना तयार होते, ती कॅस्पेज नावाच्या विकरांना जागे करते आणि ते विकर पेशीची आतून कत्तल करतात. प्राण्यांच्या पेशींतला हा मार्ग आहे. वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी हाच मारेकरी आहे, असे म्हणता येत नाही. त्यांच्या मरणाची रीत वेगळी आहे.

आता दोन्ही धागे जुळतात. बिघडलेली तंतुकणिका वेळेवर मोडीत निघाली, तर सायटोक्रोम सी सांडण्याची वेळ येत नाही आणि पेशी वाचते. मोड थांबली, तर गळती होते आणि पेशी मरते. या दोन यंत्रणा एकमेकींवर लक्षही ठेवतात. बीसीएल-२ नावाचे प्रथिन तंतुकणिकेचा पडदा सांभाळते आणि तेच बेक्लिन-१ या स्वभक्षण सुरू करणाऱ्या प्रथिनालाही धरून ठेवते. एकदा कॅस्पेज जागे झाले की ते बेक्लिनच कापून टाकतात. मरायचे ठरल्यावर दुरुस्तीची गाडी परत पाठवावी, तसे हे आहे.

केंब्रिजनंतर कमलाबाई कुठे गेल्या?

१९३९ मध्ये त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. (याच निलगिरीतील आदिवासींमध्ये १९५२ मध्ये भारतातील सिकलसेलची पहिली नोंद झाली, तोवर त्या तेथून निघून गेल्या होत्या.) १९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विषय निवडले ते गरिबाच्या ताटातले. वाल आणि डबल बी यांच्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात. त्यांच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात ती स्फटिकरूपात वेगळी केली. प्रथिनांनी भरलेला वाल नीट शिजवला नाही तर त्यातले प्रथिन पोटाला मिळत नाही, याचे कारण हे. घरोघरी वाल भिजवून, मोड आणून, मग शिजवतात. त्यामागचे रसायन त्यांनी मांडले.

दुसरा विषय नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा, ताडगूळ आणि ताडाच्या काकवीचा अभ्यास केला. क जीवनसत्त्व आणि लोह यांचा हा स्वस्त साठा आहे, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा आल्यावर प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत येथे एक खुलासा करायला हवा : नीरा म्हणजे पहाटे उतरवलेला, न आंबलेला रस. ऊन चढले आणि तो आंबला, की त्याची ताडी होते.

संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला हवे होते त्यापेक्षा चार वर्षे उशिरा आले. स्त्री असणे हेच त्याचेही एक कारण मानले जाते. पुढे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात त्या सक्रिय राहिल्या, अध्यक्षही झाल्या. भेसळ ओळखायला शिकवणे हा तेथील त्यांचा विषय होता. १९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. वाँग यांचा शोधनिबंध तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता.

याचा सिकलसेलशी संबंध काय?

लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होते, तेव्हा तिच्यात केंद्रक आणि तंतुकणिका, दोन्ही असतात. पूर्ण वाढ होताना आधी केंद्रक बाहेर टाकले जाते, मग स्वभक्षणाने तंतुकणिका मोडीत काढल्या जातात. निक्स नावाचे प्रथिन तंतुकणिकांवर जणू खडूची खूण करते आणि खूण केलेला माल उचलला जातो. याला कारण आहे. लाल पेशीचे काम प्राणवायू वाहण्याचे. तो वाटेतच खर्च करणारे केंद्र आत ठेवून चालणार नाही. दूध घरोघरी पोहोचवणाऱ्याने वाटेत स्वतःच प्यायले तर कसे होईल, तसे.

सिकलसेलच्या रुग्णांत मात्र काही पूर्ण वाढलेल्या लाल पेशींमध्येही तंतुकणिका राहून गेलेल्या आढळतात. म्हणजे ज्या पेशीत सायटोक्रोम सीचे काहीच काम उरलेले नाही, तिथे त्याची साखळी चालूच राहते. ती प्राणवायू खाते आणि घातक ऑक्सिजन रेणू सोडते. सिकल हिमोग्लोबिनचा दोष असा, की प्राणवायू सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि पेशी वाकडी होते. मूळ दोष हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा आहे, हे लक्षात ठेवायला हवे. मोडीचे काम फसणे हा त्यावरचा आणखी एक बोजा. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते; सिकलसेलमध्ये ती अनेकदा १० ते २० दिवसांतच संपते.

मेलेल्या लाल पेशीची मोड मग शरीर करते. प्लीहा आणि यकृतातील भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यातले लोह अस्थिमज्जेला परत पाठवतात. त्यामुळे रक्त कमी दिसते म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने आपणहून लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक सुरू करणे चुकीचे ठरू शकते. लोहाअभावी होणारा रक्तक्षय वेगळा आणि हा वेगळा. पेशी भराभर बनत असल्याने फॉलिक आम्ल लागते. लोह तपासणीत कमी आढळले तरच.

उपवासाने स्वभक्षण वाढते, मग उपवास करावा का?

समाजमाध्यमांवर सध्या ऑटोफॅजी हा शब्द उपवासाच्या जाहिरातीसारखा फिरतो आहे. ओसुमी यांच्या नोबेलचा दाखला देऊन किती तास उपाशी राहावे, हेही छातीठोकपणे सांगितले जाते. ओसुमी यांनी यीस्ट उपाशी ठेवले होते, माणसे नव्हेत. माणसात किती तासांनी, कोणत्या अवयवात, किती स्वभक्षण वाढते याचा असा ठरीव आकडा अजून विज्ञानाने दिलेला नाही.

सिकलसेलच्या रुग्णासाठी तर हा प्रयोग घातक आहे. शरीरातले पाणी कमी झाले की लाल पेशी आक्रसते, आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी वाकडी होण्याचा वेग वाढतो. पाण्यावाचून उपवास, उन्हात दिवसभर तेंदूपत्ता तोडणे, ताप, उलट्या, थंड पाण्यात फार वेळ राहणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा कुठे असतो हे वेगळे सांगायला नको. कमलाबाईंनी आदिवासी मुलांच्या आहारात काय वाढवता येईल हे शोधले होते. त्याच जंगलपट्ट्यात आता उपाशी राहण्याचे सल्ले मोबाइलवर पोहोचत आहेत.

उपचारात याचा उपयोग होईल का?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, स्वभक्षणाचा वेग वाढवणारे रॅपामायसिन हे औषध सिकलसेल असलेल्या उंदरांना दिल्यावर लाल पेशींत राहून जाणाऱ्या तंतुकणिका कमी झाल्याचे दिसले. रॅपामायसिन प्रतिकारशक्तीही दाबते, त्यामुळे उंदरावरून थेट रुग्णावर उडी मारता येत नाही. आज रुग्णांसाठी रोजच्या वापरातले प्रमुख औषध हायड्रॉक्सियुरिया आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि त्याने वेदनेचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासतच घ्यावे लागते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे आणि निर्मूलनासाठी २०४७ ही मुदत ठेवली आहे. विदर्भात हा आजार गोंड, माडिया, हलबा या आदिवासी समाजांपुरता नाही, अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही तो आढळतो. पहिली सोल्युबिलिटी चाचणी बोटातून घेतलेल्या थोड्या रक्तावर होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून ही चाचणी सोयरीक जुळवण्याआधी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.